बॅटरीची तार आणि ‘हलगर्जीपणा’चा शेरा



टपाल मोटारींच्या एका कार्यशाळेत पहाटेची पाळी चालू होती. गाडी सेल्फ घेत नव्हती आणि टपाल तर मेल सुटण्याआधी स्टेशनवर पोहोचवायचे होते. आमच्या एका साथीने घाईघाईत बॅटरीचे धन टर्मिनल सोडवायला घेतले. हात सटकला आणि मनगटातले स्टीलचे घड्याळ टर्मिनल व गाडीचा पत्रा यांच्यामध्ये सापडले. क्षणात पट्टा लालबुंद झाला. मनगटावरचा तो डाग आजही तसाच आहे. चौकशीचा निष्कर्ष मात्र एका ओळीत उरकला गेला : ‘कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा’.

या शेऱ्याला आमचा विरोध आहे. साथीची चूक झाली, हे आम्ही नाकारत नाही. पण त्याला योग्य क्रम कोणी शिकवला होता का? आवरण असलेला पाना त्याच्या हाती दिला होता का? हे प्रश्न चौकशीत कोणीच विचारले नाहीत.

‘बारा व्होल्टने काय होते?’ असे आपल्यातलेच जुनेजाणते म्हणतात. बारा व्होल्टचा झटका सहसा जाणवत नाही, हे खरे. पण इंजिन फिरवताना सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. तेवढा करंट देण्याची ताकद असलेली बॅटरी शॉर्ट झाली की पाना वितळतो, अंगठी बोटात रुतते. म्हणून घड्याळ, अंगठी, कडे, बांगडी आधी काढून ठेवावी.

क्रम सोपा आहे. सोडताना आधी अर्थची, म्हणजे ऋण तार सोडावी, मग धन. जोडताना आधी धन, शेवटी ऋण. कारण गाडीचा सगळा पत्रा ऋण टर्मिनलला जोडलेला असतो. ऋण जोडलेली असताना धनवरचा पाना पत्र्याला लागला की शॉर्ट झालाच. ऋण आधी सोडली असेल तर तोच पाना पत्र्याला लागूनही ठिणगी उडत नाही. काही जुन्या गाड्यांत धन टर्मिनल अर्थ केलेले असे, म्हणून खूण पाहिल्याशिवाय पाना लावू नये.

सेल्फच्या वायरिंगबाबत मोठा गैरसमज आहे. किल्ली काढली म्हणजे करंट बंद झाला, असे आपण धरून चालतो. पण बॅटरीपासून सेल्फच्या सोलेनॉइडपर्यंत येणारी जाड केबल किल्लीवर अवलंबून नसते आणि तिला बहुधा फ्यूजही नसतो. किल्ली खिशात असली तरी ती जिवंतच असते. तेव्हा गाडीखाली शिरण्याआधी बॅटरीची अर्थ सोडलीच पाहिजे. इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थपट्टीही तपासावी. ती सैल असेल तर सेल्फचा करंट क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या तारेतून वाट काढतो आणि ती तार तापते. झिजलेल्या केबलच्या जागी मिळेल ती बारीक तार लावणे म्हणजे आगीला बोलावणेच.

स्क्रू ड्रायव्हरने सेल्फ शॉर्ट करून गाडी चालू करण्याची आपली ‘कला’ही सोडून द्यावी. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती समोरच्या माणसाच्या अंगावर येते.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून चालू करायचे असेल, तर दोन्ही बॅटऱ्या सारख्या व्होल्टच्या आहेत ना, हे आधी पाहावे. धनला धन जोडावी. उरलेल्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋणला आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून दूर लावावे. कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला तरी एक ठिणगी पुरते. तिथे विडी-काडी नको, आणि चार्जर बंद केल्याशिवाय क्लिप काढू नये. आम्ल डोळ्यात उडाले तर निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि लगेच दवाखाना गाठावा.

रेल्वेतल्या साथींचा धोका याहून मोठा. डब्याखालच्या ११० व्होल्टच्या बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे पन्नासहून अधिक सेल ओळीने जोडलेले असतात. तिथे एक टोक सोडले तरी मधल्या सेलमधली ताकद कुठे जात नाही, आणि ११० व्होल्टचा झटकाही बसतो. पिट लाइनवर गाडी उभी राहण्याची वेळ कमी केली जाते तेव्हा ही जोखीम कोणाच्या माथी येते, हे सांगायला नको.

भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली. कामगारांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कारखाना चालवणाऱ्यावर स्पष्टपणे टाकली गेली आणि जिवाला धोका दिसल्यास तो निदर्शनास आणण्याचा हक्क कामगाराला मिळाला. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. धोकामुक्त कामाची जागा देणे हे तिच्यातही मालकाचेच कर्तव्य आहे. मग अपघात झाल्यावर सगळे बोट कामगाराकडेच का?

आमचे म्हणणे थोडक्यात असे : प्रत्येक बॅटरी खोलीत आवरण असलेले पाने, चष्मे, रबरी हातमोजे, डोळे धुण्याची सोय आणि हवा खेळती ठेवणारा पंखा हवा. जोडणीचा क्रम मराठी, हिंदी आणि त्या-त्या भागातील भाषेत भिंतीवर लिहिलेला हवा. नव्या माणसाला तो जुन्याने हातात हात धरून शिकवावा आणि त्यासाठी पाळीत वेळ मिळावा.

आपल्या बाजूने आपणही एक गोष्ट करू या. अर्थ सोडल्याशिवाय पाना लावायचा नाही, मग मेल चुकली तरी चालेल. चुकलेल्या मेलमागून दुसरी मेल येते. गेलेला डोळा परत येत नाही.