बंद घराची राखण

दिवाळी आटोपली की भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतल्या वाड्या-वस्त्यांवरची कितीतरी दारे आठ-पंधरा दिवसांत बंद होतात. ऊसतोडीचे कोयते पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. मागे राहतात म्हातारी माणसे, नाहीतर नुसती कुलपे. उन्हाळ्यात लग्नसराई सुरू झाली की सगळे घर वऱ्हाडात असते. जे गावात असतात ते उकाड्याने माळवदावर झोपायला जातात आणि खालचा कोयंडा उचकटल्याचे त्यांना सकाळी कळते. घरफोडी आपल्या धाराशिव जिल्ह्यात अशी हंगामाच्या चालीने येते. घर किती मजबूत आहे यापेक्षा ते कधी रिकामे असते, हे चोराला अधिक महत्त्वाचे वाटते. आपण मात्र दर वेळी कुलूपच मोठे करतो. माझे म्हणणे असे की या जिल्ह्यातल्या घराची खरी राखण शेजारी करू शकतो. पण ती राखण आता सवयीवर सोडून चालणार नाही, ती ठरवून आणि वाटून घ्यावी लागेल.

चोराला दोन गोष्टी लागतात: घर रिकामे असल्याची खात्री आणि न हटकता मिळालेला वेळ. चांगले कुलूप, आतली आडवी कडी, खिडकीचे गज यांनी त्याचा वेळ वाढतो, म्हणून ते हवेच. पण भोवती कोणाचे लक्षच नसेल तर कटावणीला सगळी रात्र मोकळी असते. इंग्लंडमधल्या रॉचडेल शहरातल्या कर्कहोल्ट वसाहतीत 1980 च्या दशकात याचा मोठा प्रयोग झाला. एकदा फोडलेले घर थोड्याच काळात पुन्हा फोडले जाण्याचा धोका जास्त असतो, हे तिथे लक्षात आले. मग अशा घरांच्या कड्या-कुलपे सुधारली, नाणी टाकून चालणारी, घरात रोकड जमवणारी वीज-गॅसची मीटर काढून टाकली आणि आजूबाजूच्या पाच-सहा घरांना त्या घरावर लक्ष ठेवायला सांगितले. तीन वर्षांत तिथल्या घरफोड्या सुमारे 75 टक्क्यांनी घटल्या. हे श्रेय एकट्या शेजाऱ्यांचे नाही, तिन्ही उपायांचे मिळून आहे. पण सगळ्या गावाने सगळ्या गावावर नजर ठेवण्यापेक्षा पाच घरांनी एका घराची जबाबदारी घेणे अधिक कामाचे ठरते, हा त्यातला धडा आपल्याला थेट लागू आहे.

सोने आणि रोकड घरात ठेवूच नका, हा सल्ला नेहमी दिला जातो. तो बरोबर असला तरी अपुरा आहे. जिल्हा मध्यवर्ती बँकेतले स्वतःचे पैसे काढण्यासाठी हेलपाटे घातलेली पिढी इथे आहे. 2023-24 मध्ये बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये मराठवाड्यातल्या हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. अशा माणसाने सोयाबीनच्या पट्टीचे पैसे किंवा मुलीच्या लग्नाचे सोने लोखंडी कपाटात ठेवले, तर त्याला अडाणी म्हणणे अन्यायाचे आहे. तरीही करण्यासारखे बरेच आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 1 जानेवारी 2022 पासून लॉकरमधल्या चोरीला बँक वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत जबाबदार धरली जाते. ही भरपाई दागिन्यांच्या किमतीइतकी नसेल, पण पत्र्याच्या पेटीला तेवढाही आधार नसतो. लॉकर परवडत नसेल तर दागिन्यांचे फोटो आणि सराफाच्या पावत्या घराबाहेर, नातेवाइकाकडे ठेवाव्यात. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी क्रमांक असतो, तोही टिपून ठेवावा. मुद्देमाल सापडला तरी तो आपलाच आहे हे दाखवावे लागते. जप्त वस्तू फोटो आणि पंचनामा करून मालकाला लवकर परत द्याव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सुंदरभाई देसाई खटल्यात सांगितले आहे. त्याचा लाभ घ्यायचा तर ओळख पटवणारा कागद आपल्याजवळ हवा.

आता शेजाराकडे वळू. जुन्या गावठाणात बोळात दारे समोरासमोर असत आणि अनोळखी पाऊल चार ओट्यांवरून पाहिले जाई. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर उमरगा आणि लोहारा भागात गावे नव्याने वसली. तिथे सुरक्षिततेसाठी रस्ते रुंद झाले, घरे सुटी झाली आणि ते योग्यच होते. धाराशिव, तुळजापूर, कळंब शहरांच्या नव्या प्लॉटिंगमध्ये तर शेजारी कोण हे वर्षभर कळत नाही. घरांच्या रचनेतून आपोआप मिळणारी राखण अशी संपली. म्हणून पाच-सहा घरांचा एक गट असावा. कोण कधीपासून कधीपर्यंत बाहेर आहे, हे फक्त त्या गटाला माहीत असावे. अंगण झाडणे, संध्याकाळी दिवा लावणे, दारातले वर्तमानपत्र उचलणे ही कामे वाटून घ्यावीत. एकट्या राहिलेल्या आजीच्या घरी दिवसातून एकदा कोणीतरी डोकवावे. काही खटकले तर 112 वर फोन करावा. नाशिक, अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यांत ग्राम सुरक्षा यंत्रणेतून एका फोनवर नोंदलेल्या सगळ्या गावकऱ्यांना एकाच वेळी सूचना जाते. अशी सोय आपल्या प्रत्येक गावात चालू स्थितीत असायला हवी.

यावर पहिला आक्षेप असा की हे काम पोलिसांचे आहे, कर भरणाऱ्यांनी रात्र का जागवायची? आक्षेपात तथ्य आहे. गस्त आणि तपास ही सरकारचीच जबाबदारी आहे आणि फिर्याद घेण्यात टाळाटाळ झाली तर जाब विचारलाच पाहिजे. पण साडेसात हजार चौरस किलोमीटरचा जिल्हा, सातशेहून अधिक गावे आणि विसाच्या आसपास पोलीस ठाणी हे गणित पाहिले, तर गस्तीची गाडी प्रत्येक गल्लीत रात्रीतून एकदाही पोहोचणे अशक्य आहे, हे कळते. शेजारी पोलिसांचे काम करत नाही. पोलिसांना कधी आणि कुठे यायचे, एवढेच तो वेळेवर कळवतो. दुसरा आक्षेप कॅमेऱ्यांचा. ते जरूर लावावेत, पण तोंड बांधलेल्या चोराचे चित्रण सकाळी पाहून गेलेले सोने परत येत नाही, आणि वीज गेली की बॅकअप नसलेला कॅमेराही झोपतो. बाहेरगावी गेल्याची माहितीच फुटेल, ही भीतीही रास्त आहे. म्हणूनच गट लहान हवा. शेकडो जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रवासाचे फोटो टाकणारा माणूस पाच शेजाऱ्यांना सांगायला कचरतो, ही उलटी काळजी आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे: जागते गाव पाहता पाहता जमाव होते. 2024 च्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या गावांवर रात्री ड्रोन फिरू लागले, चोर टेहळणी करतात अशी चर्चा पसरली आणि माणसे काठ्या घेऊन जागू लागली. त्याआधी 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. आपल्या जिल्ह्यात चोरी झाली की पहिले बोट पारध्यांच्या पालाकडे जाते. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून चोर ठरवण्याची ही सवय लावली. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला, पण सवय राहिली. त्यामुळे राखणीचा पहिला नियम हाच हवा: पाहायचे, कळवायचे, दिवे लावायचे, आवाज द्यायचा; पण कोणाला अडवून झडती घ्यायची नाही, हात उचलायचा नाही. पारधी वस्तीतली घरेही उसाच्या हंगामात बंद असतात आणि फुटतात. ती राखणीच्या बाहेर ठेवणारे गाव निम्मेच सुरक्षित राहते. शिवाय पाच घरांची राखण जमावाच्या विरुद्ध टोकाची आहे, कारण तिथे प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो आणि अफवा तिथेच तपासली जाते.

हे सगळे करायला वेगळा निधी लागत नाही, एक ठरलेला दिवस लागतो. 2 ऑक्टोबरची ग्रामसभा ऊसतोडीच्या हंगामाआधी येते. त्या दिवशी सरपंच आणि पोलीस पाटलांनी विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्यावा: या वर्षी बंद राहणाऱ्या प्रत्येक घराने आपले पाच शेजारी ठरवून पोलीस पाटलांना कळवावेत. पोलीस पाटलांनी ही नोंद स्वतःजवळ ठेवून ठाण्याला द्यावी आणि ती फलकावर लावू नये. कोयता घेऊन निघालेल्या माणसाला कुलपाची किल्ली खिशात टाकताना आपल्या दारावर कोणाचे लक्ष आहे, हे नावानिशी माहीत असले पाहिजे.