घरा वच गो बाय

"घरा वच गो बाय, फाल्यां सगळें बरें जातलें." पोलीस ठाण्यातल्या हवालदाराचं हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. ठाणं कुठलं ते सांगत नाही. तुमच्यापैकी अनेकांनी आपापल्या तालुक्यात ते ऐकलं असणारच.

शेजारच्या वहिनींना घेऊन मी गेलो होतो. रात्रीचे नऊ वाजलेले. ओठ फाटलेला, हातात पिशवी, पिशवीत मुलाची शाळेची पुस्तकं. हवालदार वाईट माणूस नव्हता हो! त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, नवऱ्याला फोनवर दटावलंसुद्धा. मग वरचा आशीर्वाद देऊन आम्हाला वाटेला लावलं. बाहेर आल्यावर वहिनी म्हणाल्या, "बरो मनीस." मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. आज त्याची लाज वाटते.

कारण कायद्याला त्याच्याकडून चांगुलपणा नकोच आहे, काम हवंय. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. त्याचं पाचवं कलम पोलीस, संरक्षण अधिकारी, सेवा देणाऱ्या संस्था आणि दंडाधिकारी या सगळ्यांना बांधून घालतं. तक्रार कानावर आली की त्या बाईला सांगायचं: तुला संरक्षणाचा आदेश मागता येतो, घरात राहण्याचा, पैशांचा, मुलांच्या ताब्याचा, भरपाईचा आदेश मागता येतो; संरक्षण अधिकारी अमुक ठिकाणी बसतात; वकील फुकट मिळतो; आणि फौजदारी तक्रारही करता येते (तेव्हाचं ४९८अ, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ८५). एवढंच. पाच मिनिटांचं काम. आमच्या हवालदाराने अर्धा तास घालवला आणि यातलं एक अक्षर सांगितलं नाही.

पुढचा मुक्काम संरक्षण अधिकारी. गोव्यात बरीच वर्षं हे काम गटविकास अधिकाऱ्यांच्या गळ्यात होतं. म्हणजे पंचायतीची गटारं, घरकुलांच्या फायली, निवडणुका, आणि त्यातच फाटलेला ओठ. अशा कामांची एकमेकांशी सांगड कोणत्या डोक्यातून निघाली देव जाणे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सगळ्या राज्यांना सांगावं लागलं, की महिला व बालविकास खात्यातले अधिकारी जिल्हा आणि तालुका पातळीवर या कामासाठी नेमा. कायदा लागू होऊन साडेअठरा वर्षांनी!

वहिनींना कचेरीत पहिला प्रश्न काय विचारला? "सह्या झाल्यात? दुसरी सही झाली?" गोंयकाराला लग्न म्हटलं की आधी सह्याच आठवतात. पण या कायद्यात तशी अट नाही. लग्नासारख्या नात्यात राहणारी बाईही येते, आई-बहीणही येते. अधिकाऱ्याचं काम आहे घटनेचा अहवाल ठरलेल्या नमुन्यात लिहून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवणं, गरज असेल तर वैद्यकीय तपासणी करून घेणं, आसरा मिळवून देणं. लग्नाचे कागद तपासायला सिव्हिल रजिस्ट्रार आहेत की.

आपला समान नागरी कायदा आपण देशभर मिरवतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर गोव्यात बायको अर्ध्या मालमत्तेची मालकीण. ती अर्ध्याची मालकीण पिशवी घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसली होती! आणि मालकी बाजूला ठेवली तरी सतरावं कलम सांगतंच, घर कोणाच्याही नावावर असो, एकत्र राहत्या घरातून तिला कायद्याच्या मार्गाशिवाय काढता येत नाही.

"पण समेट झाला तर बरंच ना?" असं मला एका मित्राने विचारलं. समुपदेशनाला पाठवायचा अधिकार दंडाधिकाऱ्यांचा आहे, ठाण्यातल्या टेबलाचा नाही. शिवाय २००६ च्या नियमांप्रमाणे तिथे नवऱ्याला मारहाणीचं समर्थन करताच येत नाही. ठाण्यात काय झालं? "जेवण करपलं म्हणून हात उचलला" हे फोनवर ऐकून हवालदाराने मान डोलावली.

दुसरा आक्षेप गैरवापराचा. अहो, पण पाचव्या कलमाने कोण तुरुंगात जातो? हक्क सांगितल्याने कोणाला बेड्या पडत नाहीत. संरक्षणाचा आदेश झाला आणि तो मोडला तरच शिक्षेची गोष्ट येते.

अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांचा आदेश विनाकारण पाळला नाही तर? ३३ वं कलम एक वर्षापर्यंत कैद सांगतं, किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लगेच ३४ वं म्हणतं, आधी सरकारची परवानगी आणा. म्हणजे काय ते समजून घ्या.

वहिनी त्या रात्री घरी गेल्या. दुसऱ्यांदा आल्या आठ महिन्यांनी, या वेळी हात प्लास्टरमध्ये. मी पाचव्या कलमाची छापील प्रत त्याच हवालदारापुढे ठेवली. त्याने बोट फिरवत दोनदा वाचली. "हें आमकां कोणेंच सांगूंक ना," म्हणाला. मला ते खरं वाटलं. पोलिसांना वेळोवेळी प्रशिक्षण देणं हे ११ व्या कलमाने सरकारवर टाकलेलं काम आहे, त्याच्यावर नाही.

प्रत त्याने ठेवून घेतली. अहवाल गेला, अर्ज झाला. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत. आम्हाला मिळाली पाच आठवड्यांनंतरची. तेवढे दिवस वहिनी आणि मुलगा आमच्या माडीवर राहिले.