दहापैकी नऊ दिले खरे, पण पट्टी कुणाची?

चळवळीतल्या जुन्या कार्यकर्त्यांसमोर व्हिडीओ गेमचा विषय काढला, की "पोरं वाया चालली" एवढाच निकाल ऐकायला मिळतो. गेम खेळणाऱ्या पोरांसमोर तोच विषय काढला, तर दुसरा निकाल मिळतो: "त्याला नव्वदच्या वर आहेत, म्हणजे भारीच असणार." पहिल्याने गेम न बघताच नापास केलेला असतो, दुसऱ्याने न विचारताच पास. आमचे भांडण दोघांशीही आहे. तरी इथे आम्ही दुसऱ्याच्याच मागे लागणार आहोत, कारण तो निकाल अभ्यासाचे कपडे घालून येतो आणि आपले तरुण त्याला प्रमाणपत्र समजतात.

आधी त्या आकड्याबद्दल. आपल्या वस्तीत दहावीला सत्तर टक्के पडले तर पेढे वाटतात. गेमच्या समीक्षेत दहापैकी सात म्हणजे "बरा आहे, स्वस्त झाला की घ्या". पट्टी दहाची असली तरी मोठ्या कंपनीचा गेम सहाच्या खाली क्वचितच उतरतो, म्हणजे खालची अर्धी पट्टी जवळजवळ शोभेचीच. जपानच्या 'फामित्सू' मासिकात चार समीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि बेरीज चाळीसपैकी होते. तिथे पहिल्यांदा पैकीच्या पैकी मिळाले ते १९९८ साली, 'द लिजेंड ऑफ झेल्डा: ऑकारिना ऑफ टाइम' या गेमला. २००१ साली 'मेटाक्रिटिक' हे संकेतस्थळ सुरू झाले आणि जगभरच्या समीक्षांची सरासरी शंभरपैकी एका आकड्यात येऊ लागली. ही सरासरी सरळ नाही. काही प्रकाशनांच्या मताला जास्त वजन आहे, काहींच्या मताला कमी, आणि कुणाला किती हे ते सांगत नाहीत. मतांची अशी गुपचूप प्रतवारी म्हणजे काय, हे या लेखाच्या वाचकांना वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

हा आकडा नुसता खेळाडूंच्या गप्पांचा विषय राहिलेला नाही. 'फॉलआउट: न्यू व्हेगास' हा गेम २०१० साली आला. तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तर बोनस मिळणार होता. मिळाले ८४. एका गुणाने बोनस गेला, हे त्यांच्याच क्रिस अॅव्हेलोनने २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितले. म्हणजे समीक्षकाच्या आवडीनिवडीचा एक गुण शेवटी राबणाऱ्याच्या ताटातून कापला गेला. उलट बाजूही आहे. २००७ साली 'गेमस्पॉट'च्या जेफ गर्स्टमन या समीक्षकाने 'केन अँड लिंच' या गेमला दहापैकी सहा दिले. त्याच गेमच्या जाहिरातींनी तेव्हा ते संकेतस्थळ भरलेले होते. गर्स्टमनची नोकरी गेली, आणि जाहिरातदाराच्या दबावाची गोष्ट त्याने स्वतः २०१२ मध्ये उघड केली. तेव्हा गुण देणारा मोकळा नाही आणि गुण घेणाराही मोकळा नाही.

पण आमचा मुख्य मुद्दा पैशाचा नाही, पट्टीचा आहे.

गेम म्हणजे एकच गोष्ट नव्हे. धावत्या गाडीचा गेम, साम्राज्य उभारण्याचा गेम, बंदुकीचा गेम, गोष्टीचा गेम, यांच्यात जेवढे अंतर आहे तेवढे तमाशा आणि शास्त्रीय गायनात असेल. तरीही सगळ्यांना एकाच शंभरात बसवतात. मग प्रत्येक प्रकाराला समीक्षकांनी स्वतःची अलिखित पट्टी करून घेतली. गाडीच्या गेमला पकड आणि वेग, बंदुकीच्या गेमला नेम आणि धक्का, साम्राज्याच्या गेमला समतोल, गोष्टीच्या गेमला लेखन. ही पट्टी कुठे लिहिलेली नसते, म्हणून तिच्यावर प्रश्नही येत नाही. आणि गेम कोणत्याच साच्यात बसला नाही, की पट्टी मोडते. २०१० च्या 'डेडली प्रिमोनिशन' या गेमला 'आयजीएन'ने दहापैकी दोन दिले आणि 'डिस्ट्रक्टॉइड'ने दहापैकी दहा. एकाने यंत्र तपासले, दुसऱ्याने त्यातले वेड बघितले. आम्हाला या दोन टोकांच्या निकालांतून त्यांच्या सरासरीपेक्षा जास्त कळते.

दलित साहित्याच्या वाचकाला हे नवे नाही. आपल्या आत्मकथनांना आणि कवितांना रसिकांनी जुनी पट्टी लावली, त्यात सौंदर्य सापडेना म्हणून नाके मुरडली. शरणकुमार लिंबाळे यांना १९९६ साली 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' लिहावे लागले ते उगाच नाही. गुणांवर हुज्जत घालण्यापेक्षा पट्टीवर हुज्जत घालणे शहाणपणाचे, हे आपण तिथेच शिकलो.

समीक्षकांना पट्टी बदलता येते, हेही मान्य केले पाहिजे. 'पेपर्स, प्लीज' हा गेम २०१३ साली लुकास पोप या माणसाने जवळजवळ एकट्याने बनवला. त्यात तुम्ही आर्स्टोट्झ्का नावाच्या काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवरचे तपासनीस असता. खिडकीसमोर रांग. एकेकाचा पासपोर्ट, परवाना, फोटो, शिक्का, तारीख जुळवून बघायची आणि मंजूर किंवा नामंजूर असा ठसा मारायचा. नियम रोज बदलतात. जेवढी माणसे तपासाल तेवढा पगार. चुका वाढल्या की दंड. संध्याकाळी त्याच पगारात घरभाडे, अन्न, उब आणि आजारी लेकराचे औषध. एक बाई कागद अपुरे घेऊन येते, तिचा नवरा आत्ताच पुढे गेलेला असतो. सोडायचे की नाही? जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी आजोबांच्या शाळेचा उतारा शोधत फिरलेल्या प्रत्येकाने हा गेम एकदा तरी खेळावा. आपण आयुष्यभर खिडकीच्या या बाजूला उभे असतो; हा गेम पलीकडच्या खुर्चीत बसवतो आणि तिथला माणूस दगड कसा होत जातो ते दाखवतो. यात "मजा" शोधली तर सापडणार नाही. तरी समीक्षकांनी त्याला उचलून धरले आणि २०१४ मध्ये त्याला बाफ्टा पुरस्कारही मिळाला. तसेच २०१९ च्या 'डिस्को एलिझियम'चे. त्यात इतर गेमांसारखी लढाईची यंत्रणाच नाही, नुसते बोलणे आहे, आणि चिरडल्या गेलेल्या क्रांतीनंतरच्या शहरातली गरिबी आहे. त्याचेही भरभरून कौतुक झाले. म्हणजे समीक्षक आंधळे नाहीत. त्यांची नजर कुठे जाते आणि कुठे जात नाही, एवढेच बघायचे आहे.

ती कुठे जात नाही, याचे उत्तम उदाहरण 'सिव्हिलायझेशन' ही मालिका. १९९१ पासून चालू आहे, आणि तिचे बहुतेक भाग समीक्षकांच्या लाडाचे. या प्रकारच्या गेमांना इंग्रजीत चार क्रियापदांवरून नाव पडले आहे: शोधा, पसरा, उपसा, संपवा. हे नाव टीकाकाराने नव्हे, एका गेम-पत्रकाराने १९९३ मध्ये कौतुकाने दिले होते! मालिकेच्या सहाव्या भागात नकाशावर आदिवासी वाड्या असतात. तुमचा माणूस आत शिरला की सोने किंवा ज्ञान देऊन वाडी नाहीशी होते. ज्या जमिनीवर कुणाचे राज्य नाही तिथे "बर्बर" उगवतात, त्यांचे तळ मोडले की बक्षीस. बर्बरांना नेता नाही, इतिहास नाही, त्यांच्याशी तह करण्याची सोयही गेमच्या मूळ नियमांत नाही. जन्माने गुन्हेगार ठरवलेले लोक. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणि पारध्यांचे पाल ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही रचना ओळखू यायला किती वेळ लागेल? समीक्षांचे गुण मात्र समतोल, शत्रूची हुशारी आणि "अजून एक डाव" खेळावासा वाटतो की नाही, यांवर पडतात.

२०१८ मध्ये याच भागाच्या जोडखंडात कॅनडातल्या क्री लोकांचा एकोणिसाव्या शतकातला नेता पाउंडमेकर खेळण्यासाठी आणला. समाविष्ट केले म्हणून कंपनीने पाठ थोपटून घ्यावी असाच हा प्रसंग. पण खुद्द पाउंडमेकर क्री समाजाचे एक प्रमुख मिल्टन टूटूसिस यांनी जाहीर आक्षेप घेतला. दुसऱ्यांच्या जमिनी जिंकण्याच्या खेळात आमच्या नेत्याला बसवणे म्हणजे आमचीही मूल्ये वसाहतवाद्यांसारखीच होती असे दाखवणे, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. आमच्या मते त्या जोडखंडाची सगळ्यात धारदार समीक्षा हीच. मेटाक्रिटिकच्या सरासरीत तिला जागा नाही, कारण टूटूसिस समीक्षक नाहीत, ते फक्त ज्यांच्यावर गेम बनला त्यांच्यापैकी आहेत.

बंदुकीच्या गेमांबद्दल थोडक्यात. 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर' (२०१९) मध्ये 'हायवे ऑफ डेथ' नावाचा रस्ता आहे, आणि तिथला संहार रशियनांनी केला असे पात्रे सांगतात. प्रत्यक्षात १९९१ मध्ये कुवेतहून इराककडे जाणाऱ्या ज्या रस्त्याला हे नाव पडले, तिथे बॉम्ब टाकले ते अमेरिकेच्या नेतृत्वाखालील फौजांनी. काही पत्रकारांनी यावर आवाज उठवला. गेमची सरासरी ८० च्या आसपास स्थिरावली. बंदूक हातात छान बसते ना, मग झाले.

आता आपल्या महाराष्ट्रातला गेम. 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा २०२० साली आलेला गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला. छोट्या चमूने मोठ्या कष्टाने उभे केलेले काम, रंग पहाडी चित्रशैलीचे, गोष्ट सांगायला कठपुतळ्यांच्या सावल्या. आम्हाला त्याचा अभिमान वाटला, हे लपवत नाही. परदेशी समीक्षकांचा सूर साधारण असा होता: देखणा आहे, भारतीय संस्कृतीचे ताजे दर्शन आहे, पण लढाई जरा अडखळते. लढाईबद्दलचे मत योग्यच आहे. प्रश्न "भारतीय संस्कृती" या दोन शब्दांचा आहे. राजी नावाची मुलगी देवांनी निवडलेली आहे, तिला दुर्गा आणि विष्णू बळ देतात आणि तिचा भाऊ पळवणाऱ्या असुरांचा म्होरक्या आहे महाबलासुर. हा आपला बळीराजाच, असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या महाराष्ट्रात जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहून अवतारांच्या गोष्टी उलट्या बाजूने वाचल्या, ज्या महाराष्ट्रात आजही दिवाळीला बळीचे राज्य मागतात, तिथे बनलेल्या गेममध्ये असुर म्हणजे कापून काढायचा शत्रू यापलीकडे काही नसावे, यावर एका ओळीची तरी चर्चा व्हायला हवी होती. लंडनच्या समीक्षकाकडून ती अपेक्षा धरणे चूक. त्याला पहाडी चित्रे आणि पुराणे म्हणजेच भारत, असेच सांगितले गेले आहे. ही समीक्षा पुण्यात, नागपुरात, औरंगाबादेत लिहायची होती. ती लिहिली गेलेली आमच्या तरी वाचनात नाही.

आणखी एक गोष्ट, जी खिशाशी संबंधित आहे. मोठा नवा गेम आपल्याकडे पाच हजारांच्या आसपास पडतो. समीक्षकाला तो बहुधा आधी आणि फुकट मिळतो, आणि तो खेळतो चांगल्या यंत्रावर. 'सायबरपंक २०७७' च्या वेळी डिसेंबर २०२० मध्ये प्रकाशनाआधी समीक्षकांना फक्त संगणकावरची प्रत दिली गेली. निकाल उत्तम आले. जुन्या कन्सोलवर पैसे भरून घेणाऱ्यांच्या पदरी मात्र मोडका गेम पडला, आणि आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. लहान मुलांच्या 'क्रॅश टीम रेसिंग: नायट्रो-फ्यूल्ड'मध्ये खऱ्या पैशांची खरेदी आली ती ऑगस्ट २०१९ मध्ये, गेम जूनमध्ये आल्यावर आणि समीक्षा छापून झाल्यावर. ज्याच्याकडे जुने यंत्र आहे, ज्याचा बाप हप्त्यावर फोन घेतो, त्याचा निकाल या पट्टीत कुठे येतो?

आपली पोरे तर यातले काहीच खेळत नाहीत. ती दहा-बारा हजारांच्या फोनवर बीजीएमआय आणि फ्री फायरचे अवतार खेळतात. या फुकटच्या गेमांकडे नामांकित समीक्षक फारसे फिरकत नाहीत. त्यांच्यावर आपल्याकडे निकाल दिला तो सरकारने. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइल बंद, जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय म्हणून परत, जुलै २०२२ मध्ये दुकानातून गायब, मे २०२३ मध्ये पुन्हा हजर. या सगळ्यात चर्चा सुरक्षेची आणि चिनी मालकीची. गेम कसा आहे, पोर त्यात चार तास का बसते, बंदुकीला रंग देण्यासाठी पैसे कसे काढून घेतले जातात, हरल्यावर लगेच दुसरा डाव कसा समोर येतो, यावर मराठीत शोधून दोन चांगले लेख सापडत नाहीत.

म्हणून आम्ही आमच्या अभ्यासिकेत एक साधे काम सुरू करतो आहोत. महिन्याला एक गेम, फोनवर चालणारा. खेळणाऱ्यांनीच लिहायचे, मराठीत, दोन पाने. गुण द्यायचे नाहीत. यात शत्रू कोण ठरवला आहे आणि कुणी ठरवला, पैसे कुठे मागितले, कोणता फोन लागतो, बहिणीला खेळायला दिला का, आणि नसेल तर का, एवढे तरी त्यात यावे. पहिला गेम कोणता घ्यायचा यावर वाद चालू आहे. मुलांना बीजीएमआय हवा आहे, मुलींनी लुडो सुचवला आहे, आणि त्यांचा युक्तिवाद सध्या तरी जास्त भक्कम दिसतो. लुडो त्या स्वतः खेळतात. बीजीएमआय त्या फक्त भावाच्या खांद्यावरून बघतात.