दूत म्हणायचं आणि पार्किंगला उभं करायचं?

मंडळी, सुट्टी लागली की शास्त्रीय संगीताची शिबिरं भरतात आणि आयोजकांना 'विद्यार्थी दूत' हवे असतात. कल्पना चांगलीच आहे. पण परवा एका शिबिरात पाहिलं, दूत म्हणून आलेली पोरं दिवसभर सतरंज्या घालत होती, पाण्याचे जार उचलत होती. संध्याकाळी आत यमन रंगला तेव्हा ती बाहेर पार्किंग सांभाळत होती. जे ऐकलंच नाही, ते ही पोरं मित्रांना काय सांगणार?

किरण सेठ यांनी १९७७ मध्ये सुरू केलेल्या स्पिक मॅकेतही विद्यार्थीच राबतात. पण कलाकाराला स्टेशनवरून आणताना, चहा देताना दोन गोष्टी कानावर पडतात. कान असाच तयार होतो.

आपल्या मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदच आहे. पण उद्या ऐकणारेच उरले नाहीत, तर ती वाद्यं घेणार कोण?

आयोजकहो, कामाच्या पाळ्या लावा. निम्मी पोरं कामाला, निम्मी मैफलीत. आणि पालकांनो, पोरगं घरी आल्यावर "सर्टिफिकेट मिळालं का?" हे नंतर विचारा. आधी विचारा, "आज काय ऐकलंस?"