टाकी गेली, पेट्रोल कोठे गेले?

पेट्रोल पंप बंद पडतो, यंत्रे हलविली जातात, भोवती पत्रे ठोकले जातात आणि थोड्याच दिवसांत त्या जागेवर नव्या इमारतीचा फलक झळकू लागतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत हे दृश्य आता कोणास नवे राहिलेले नाही. जागेला सोन्याचा भाव आल्यावर पंपाच्या उत्पन्नावर कोण समाधान मानणार? त्याविषयी आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न जमिनीच्या वरचा नसून खालचा आहे. वर्षानुवर्षे भूमीच्या पोटात पुरलेल्या पोलादी टाक्या उकरून काढल्या, तेव्हा त्यांच्या बुडाखालची माती कोणी तपासली काय? आणि तपासली असल्यास तो अहवाल कोणी पाहिला?

पोलाद ओलसर मातीत गंजते, नळांचे सांधे सैल होतात, आणि थेंबाथेंबाने होणारी गळती पंपाच्या हिशेबवहीत ‘घट’ या निरुपद्रवी शब्दाआड सहज लपते. परंतु विहिरीच्या पाण्याला हा शब्द समजत नाही. पेट्रोलमध्ये बेंझीन हे कर्करोगकारक द्रव्य शेकडा १ पर्यंत असू शकते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. या दोन आकड्यांचा मेळ घातला तर एका लिटर पेट्रोलमधील बेंझीन ८ लाख लिटरांहून अधिक पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवण्यास पुरेसे ठरते!

ही भीती काल्पनिक नव्हे. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका या सधन नगराला १९९६ साली आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या आणि त्यासरशी नगराचा जवळजवळ निम्मा पाणीपुरवठा गेला. पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे, पाण्यात झटकन विरघळणारे एम. टी. बी. ई. नावाचे रसायन भोवतालच्या पंपांच्या भूमिगत टाक्यांतून झिरपत विहिरींपर्यंत पोहोचले होते. नगराला पाणी विकत घ्यावे लागले, तेल कंपन्यांशी न्यायालयात झगडावे लागले, आणि शुद्धीकरण केंद्रातून ते पाणी पुन्हा नळाला आले तेव्हा २०११ साल उजाडले होते. पैसा, प्रयोगशाळा व कायदा हे तिन्ही हाताशी असलेल्या नगराची ही कथा. ज्यांच्या हाती यांपैकी काहीच नाही, त्यांनी काय करावे?

अमेरिकेने १९८८ च्या नियमांनी टाकी कायमची बंद करणाऱ्या मालकावरच जागेच्या तपासणीची सक्ती केली. आजवर तेथे साडेपाच लाखांहून अधिक गळत्या उघडकीस आल्या आहेत. तेथील टाक्याच तेवढ्या फुटक्या निघाल्या, असे मानण्याइतके भोळे आपण होऊ नये. तेथे शोध घेतला गेला म्हणून त्या सापडल्या, एवढाच याचा अर्थ.

आपल्याकडे तर शोधाचे काम अधिक बिकट. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी सरळ पाझरत नाही, ते भेगांतून वाटा काढते. टाकीपासून दहा पावलांवरची विंधनविहीर निर्मळ आणि दोन गल्ल्या पलीकडची दूषित, असे येथे घडू शकते. त्यात आपला पावसाळा! भूजलाची पातळी चढते-उतरते तसे तिच्यावर तरंगणारे पेट्रोलही वरखाली होऊन मुरमाच्या थरांना माखत राहते. म्हणून वैशाखात एक खड्डा खणून बाटलीभर माती प्रयोगशाळेत धाडणे म्हणजे तपासणी नव्हे. टाकीच्या खड्ड्याभोवती निरनिराळ्या खोलीवरची माती घेतली पाहिजे, पाण्याच्या प्रवाहाची दिशा कळावी यासाठी किमान तीन निरीक्षण-विहिरी खोदल्या पाहिजेत आणि पाणी पावसाळ्यापूर्वी व नंतर असे दोन्ही वेळा तपासले पाहिजे. नव्या इमारतीच्या तळघरात साचू शकणारी वाफही मोजली पाहिजे. ती पाण्याप्रमाणे उकळून पिता येत नाही, आणि नाक मिटून राहताही येत नाही.

केंद्र सरकारने २०२५ च्या जुलै महिन्यात दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम प्रसृत केले. संशयित जागांच्या याद्या व्हाव्यात, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या तपासाव्यात आणि ज्याने घाण केली त्याच्याकडूनच खर्च वसूल व्हावा, हे त्यांतील सूत्र योग्यच आहे. परंतु संशय येणार कोणाला? बोअरवेलच्या पाण्याला वास येऊ लागल्यावर सोसायटीच्या चिटणिसाला! तोवर विकणारा पैसे घेऊन मोकळा झालेला असतो, बांधणारा दुसऱ्या उपनगरात पोहोचलेला असतो, आणि कर्ज काढून घर घेणारा कारकून तेवढा जागेवर सापडतो.

तेव्हा महानगरपालिकेने बांधकामाचा परवाना देतानाच अट घालावी की, जेथे इंधनाची टाकी होती तेथील माती व भूजल यांचा त्रयस्थ अहवाल आल्यावाचून पायाची कुदळ पडणार नाही. तपासणीचा खर्च टाकीच्या मालकाने सोसावा, परंतु तपासनीस त्याने निवडू नये. अहवाल प्रभाग कार्यालयात कोणाही नागरिकास पाहता यावा. राहिला प्रश्न जुन्या पंपांच्या जागांचा. पेट्रोल साठविण्याचे परवाने ज्या केंद्रीय खात्याकडून दिले जातात, त्याचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. बंद झालेल्या पंपांची नोंद तेथून मागवून ती प्रभागवार प्रसिद्ध करण्यास आयुक्तांना एका पत्रापलीकडे काय लागणार आहे?