‘लक्ष कुठं होतं तुमचं?’ हा प्रश्न आता पुरे

गेली अनेक वर्षं मी लहान मुलांना तपासतो आहे. आज एका आजाराबद्दल नाही, तर एका प्रश्नाबद्दल लिहायचं आहे. हा प्रश्न तुम्ही ऐकला असेल, कदाचित कुणाला विचारलाही असेल. मीसुद्धा विचारला आहे आणि एकदा तो फार महागात पडता पडता राहिला.

संध्याकाळची ओपीडी भरलेली होती. दीड वर्षाच्या एका मुलीला वडिलांनी जवळजवळ पळतच आत आणलं. मागे आई ऑफिसच्याच कपड्यांत आणि तिच्या मागे आजी. (कुणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगी घामाघूम, गुंगीत, हाक मारली तर जेमतेम डोळे उघडत होती. गुंगीतलं मूल आलं की आम्ही आधी रक्तातली साखर तपासतो. ती 34 निघाली. सलाइनमधून लगेच ग्लुकोज दिलं, दहा मिनिटांत पोर रडायला लागली आणि आम्ही सगळ्यांनीच श्वास सोडला.

पण साखर एवढी उतरली का? धडधाकट मुलीची साखर दुपारच्या झोपेत अशी कोसळत नाही. मी विचारलं, "घरात कुणाला शुगरच्या गोळ्या चालू आहेत का? हिच्या हाती काही लागलं का?" आई-वडिलांनी आजींकडे पाहिलं. आजी म्हणाल्या, "माझ्या आहेत, पण त्या वर असतात. काही नाही खाल्लं तिनं." वडील एकदम ओरडले, "आई, दिवसभर घरीच असतेस ना तू? काय करत होतीस?" आणि मीही घाईत म्हणून गेलो, "आजी, लक्ष कुठं होतं तुमचं?"

आजी गप्प झाल्या, पदराशी चाळा करत खाली बघत राहिल्या.

खरं काय ते अर्ध्या तासानं कळलं, तेही मला नाही. आमच्या सिस्टरनी आजींना बाहेर बाकावर बसवलं, चहा दिला आणि जवळ बसून राहिल्या. मग आजी बोलल्या. दुपारी गोळ्यांची डबी पलंगावर उघडी सापडली होती. दोन गोळ्या कमी वाटल्या. पण नक्की घेतल्या की सांडल्या, कळेना. मुलगा रागावेल, सून म्हणेल ‘तुमच्या भरवशावर सोडून जाते मी’, म्हणून त्या बोलल्या नाहीत. मुलगी झोपली तेव्हा ‘झोपच आहे’ असं मनाला समजावत तिच्या उशाशी बसून राहिल्या.

ही माहिती का महत्त्वाची होती ते समजून घ्या. साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या अशा असतात की लहान मुलाला एक गोळीही धोक्याची ठरू शकते. ग्लुकोज दिल्यावर मूल ताजंतवानं दिसतं, पण गोळीचा अंमल अनेक तास टिकतो आणि साखर पुन्हा उतरते. अशा मुलाला चोवीस तास तरी देखरेखीखाली ठेवून साखर पुन्हा पुन्हा तपासावी लागते. आजी बोलल्या म्हणून आम्ही ते केलं. त्या रात्री तिची साखर आणखी दोनदा उतरली. हॉस्पिटलमध्ये होती म्हणून निभावलं.

आमच्या प्रश्नानं आजींचं तोंड बंद केलं होतं. सिस्टरच्या चहानं ते उघडलं.

डोळ्यात तेल कुणी किती वेळ घालायचं?

आपल्याकडे म्हणतात, लहान मूल डोळ्यात तेल घालून सांभाळावं लागतं. पण दिवसाचे बारा-चौदा तास, रोज, सलग दोन-तीन वर्षं असं लक्ष कोणताही माणूस देऊ शकत नाही. दारावरची बेल वाजते, कुकरची शिट्टी होते, माणसाला लघवीला जावं लागतं. अपघात व्हायला तेवढा वेळ पुरतो.

दुसरं म्हणजे, मूल रोज बदलतं. चार-पाच महिन्यांचं बाळ काल जिथं ठेवलं तिथंच होतं, आज ते कुशीवर वळतं आणि पलंगावरून पडतं. नऊ-दहा महिन्यांचं बाळ चिमटीत बारीक वस्तू धरायला शिकतं. त्याचं आपण कौतुक करतो आणि त्याच चिमटीनं ते शेंगदाणा उचलून तोंडात टाकतं. वर्षाचं मूल टेबलक्लॉथ ओढतं आणि त्यावरचा चहा अंगावर घेतं. आई-वडिलांना धोका कळतो तेव्हा मूल एक पायरी पुढं गेलेलं असतं.

अपघात घडून गेल्यावर सगळं स्पष्ट दिसतं. ‘डबी वर ठेवली असती तर’, ‘बादली झाकली असती तर’. पण ती डबी गेली कित्येक महिने तिथंच होती आणि काही झालं नव्हतं. तशीच डबी शेजारच्या घरातही असते. त्या घरात अपघात झाला नाही, एवढाच फरक. म्हणून शेजारी चांगले आणि तुम्ही वाईट असं ठरत नाही.

अपघात कमी कशानं होतात, हे जगानं पाहिलं आहे. न्यूयॉर्क शहरात 1970च्या दशकात उंच इमारतींच्या खिडक्यांतून लहान मुलं पडत असत. तिथल्या आरोग्य खात्यानं खिडक्यांना गज बसवायची मोहीम काढली आणि 1976 मध्ये, लहान मुलं राहतात त्या घरांच्या खिडक्यांना गज बसवणं इमारतीच्या मालकांवर बंधनकारक केलं. मुलं पडण्याचं प्रमाण झपाट्यानं घटलं. अमेरिकेतच 1970च्या कायद्यानं औषधांच्या बाटल्यांना मुलांना न उघडणारी झाकणं आली आणि ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी होणारे बालमृत्यू कमी झाले. त्या काळात तिथल्या आया काही अचानक जास्त दक्ष झाल्या नव्हत्या. खिडकी बदलली, झाकण बदललं.

आपल्याकडे गोळ्या बहुधा स्ट्रिपमध्ये येतात, हे त्यातल्या त्यात बरं. पण वयस्कर माणसांना त्या बोटांनी काढता येत नाहीत, म्हणून आपणच आठवड्याच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या डबीत काढून ठेवतो. त्या घरातली डबी कुणी भरून ठेवली होती? मुलानंच, आईच्या सोयीसाठी, प्रेमानं.

दोष नेहमी तिच्याच पदरात

आणखी एक निरीक्षण. मूल वडिलांच्या हातून पडलं तर लोक म्हणतात, "होतं असं." आईच्या हातून पडलं तर म्हणतात, "आई आहेस ना तू?" नोकरी करणारी असेल तर नोकरी निघते, घरी असेल तर मोबाइल निघतो. आई नसेल तर आजी, आजी नसेल तर सांभाळणाऱ्या बाई. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे कधी कधी दहा वर्षांची ताई. तिच्याकडे ‘दोन मिनिटं बघ गं’ म्हणून बाळ दिलेलं असतं. मोठ्यांचं ओझं त्या पोरीच्या डोक्यावर आपणच ठेवतो आणि बाळ पडलं की तिलाच ओरडतो. बाळाचं टेंगूळ चार दिवसांत उतरतं. ताईच्या मनातलं बराच काळ राहतं.

अशा अपराधीपणातून कुणी जास्त चांगला पालक होतो असं मला दिसलेलं नाही. मला दिसतं ते वेगळंच. माणसं उशिरा दवाखान्यात येतात. खोटं सांगतात. ‘आपोआप फोड आले’, ‘कुठं पडला माहीत नाही’. काही जण मग मुलाला जमिनीवर पायच ठेवू देत नाहीत. नवरा-बायकोत, सासू-सुनेत एक भिंत उभी राहते.

मग जबाबदारी कुणाचीच नाही का?

हा प्रश्न रास्त आहे. जबाबदारी आहेच. पण अपराधीपणा आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘मी वाईट आई आहे’ हा अपराधीपणा. त्यानं घरातली एकही वस्तू जागची हलत नाही. ‘गोळ्यांची डबी आजपासून कुलपात’ ही जबाबदारी.

आणि हो, काही इजा अपघाती नसतात. मुलांना मारहाण होते, चटके दिले जातात. म्हणून आम्हाला ‘कसं झालं, कधी झालं, तेव्हा कोण होतं’ हे विचारावंच लागतं. भाजणं, विषबाधा अशा प्रसंगी अनेक हॉस्पिटलांत पोलिसांत नोंद होते. त्याला घाबरून कुणी माहिती लपवू नका. ती नोंद म्हणजे तुमच्यावर आरोप नव्हे. पण ‘कसं झालं?’ आणि ‘लक्ष कुठं होतं?’ या दोन प्रश्नांत फरक आहे. पहिल्यातून उपचार ठरतो, दुसऱ्यातून फक्त मान खाली जाते.

आज घरात एवढं करा

• सगळ्यांच्या गोळ्या, विशेषतः शुगर, बीपी, हृदय आणि झोपेच्या, कुलपात. पाहुण्यांच्या पर्सही उंचावर.
• रॉकेल, फिनेल, ॲसिड कधीही कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत नको.
• अंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी, मग कढत. वापरून झाली की बादली रिकामी आणि उपडी. थोड्याशा पाण्यातही रांगतं मूल बुडू शकतं, आणि ते आवाज न करता बुडतं.
• मूल कडेवर असताना चहा, दूध, आमटी हातात नको.
• पाच वर्षांच्या आत अख्खे शेंगदाणे, फुटाणे नकोत. कूट करून द्या.
• रिमोट, खेळणी यांतल्या बटणासारख्या सेलच्या झाकणाला स्क्रू हवा.

आणि तरीही झालंच तर

• भाजलं: नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं. कपडे, बांगड्या काढा, पण कातडीला चिकटलेलं ओढू नका. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काहीही लावू नका.
• गोळी, रॉकेल, ॲसिड पोटात गेलं: उलटी काढू नका. रॉकेल उलटीवाटे फुप्फुसात जातं, ॲसिड वर येताना पुन्हा भाजतं. पाकीट किंवा बाटली घेऊन तडक निघा.
• बटण सेल गिळला: मूल हसत असलं तरी लगेच एक्स-रे. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांतही गंभीर इजा करतो.
• डोक्यावर पडलं: वारंवार उलट्या, गुंगी, झटके, नाका-कानातून रक्त किंवा पाणी आलं तर थांबू नका. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर काही दिसत नसलं तरी दाखवा.
• घशात अडकलं आणि श्वास, आवाज बंद झाला: वर्षाच्या आतलं बाळ पालथं, डोकं खाली धरून पाठीवर 5 थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर 5 दाब, वस्तू निघेपर्यंत हेच आलटून पालटून. न दिसणारी वस्तू बोट घालून शोधू नका. दुसऱ्या कुणाला तरी 108 ला फोन करायला सांगा.

आणि डॉक्टरला खरं सांगा, अगदी शंका असली तरी. ‘दोन गोळ्या कमी वाटतात’ हे एक वाक्य आमच्यासाठी दहा तपासण्यांइतकं मोलाचं असतं.

तुमच्याच हातून झालं असेल तर

हे वाचताना कुणाच्या डोळ्यांसमोर तो दिवस आला असेल, तर तुम्हाला सांगतो. तो क्षण पुन्हा पुन्हा आठवणं, झोप न लागणं, मुलाला जवळ घ्यायची भीती वाटणं हे अशा प्रसंगानंतर होतं. सहसा काही आठवड्यांत कमी होतं. होत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर बोला. घरच्यांशी, डॉक्टरांशी किंवा ‘टेलिमानस’च्या 14416 या सरकारी हेल्पलाइनवर, तिथं फोन मोफत आहे. ज्यांचं मूल वाचलं नाही त्यांना मी काय सांगणार? एवढंच, की तुमचं दुःख प्रेमाचं आहे आणि त्याला शिक्षेची गरज नाही.

घरातल्या इतरांसाठी एकच विनंती. अशा वेळी तोंडात येईल ते गिळा आणि त्याऐवजी म्हणा, "चल, मी येतो बरोबर. काय झालं ते नीट सांग, कुणी रागावणार नाही."

ती मुलगी दुसऱ्या दिवशी हसत घरी गेली. पुढं डोस द्यायला आई तिला घेऊन आली, तेव्हा मी आजींची चौकशी केली. "गावी गेल्यात," ती म्हणाली. "म्हणाल्या, मला नका आता जबाबदारी देऊ. हिला पाळणाघरात ठेवलंय." मी म्हणालो, "त्यांना सांगाल का, की त्या बोलल्या म्हणून ही वाचली?" ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्यापैकी कुणीच त्यांना हे सांगितलं नाही."

तुमच्या घरात असं सांगायचं राहून गेलेलं कुणी असेल, तर आज फोन करा.