सेकंडहँड डकोटा आणि आपण

हॉस्टेलवर रात्री जेवणं झाली की एक विषय ठरलेला. "धाराशिवसारख्या ठिकाणी राहून काय होणार? लॅबमधली मशीन्स जुनी. पुण्याच्या कॉलेजांची सर आपल्याला कुठून येणार?" मीही या सुरात सूर मिसळणाराच. पण मध्यंतरी एका विमानाविषयी वाचलं आणि माझं मत बदललं. (मी कॉन्व्हेंटचा, तेव्हा मराठीतल्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात!)

त्या विमानाचं नाव डग्लस डीसी-३. १७ डिसेंबर १९३५ रोजी अमेरिकेत ते पहिल्यांदा उडालं. त्याआधी विमान कंपन्यांचं पोट मुख्यतः सरकारी टपालाच्या पैशावर चालायचं. डीसी-३ दोन इंजिनांचं, धातूचं, चाकं आत ओढून घेणारं, २१ प्रवाशांचं. नुसत्या तिकिटांवर फायदा देणारं पहिलं विमान म्हणून ते ओळखलं जातं. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या लष्करी आवृत्त्या दहा हजारांवर बनल्या. त्याच 'डकोटा'.

युद्ध संपलं आणि या डकोटा स्वस्तात विकायला निघाल्या. भारतातल्या बऱ्याच कंपन्या अशा वापरलेल्या विमानांवरच उभ्या राहिल्या. ऑक्टोबर १९४७ मध्ये आपले जवान श्रीनगरला उतरले तेही डकोटातूनच. म्हणजे आपल्या एस.टी.च्या लाल डब्यासारखंच! दिसायला साधं, पण कच्च्या धावपट्टीवरही उतरणारं.

मला सगळ्यात भारी वाटली ती नागपूरची गोष्ट. १९४९ मध्ये रफी अहमद किडवई दळणवळण मंत्री असताना रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चारही शहरांतून रात्री विमानं निघायची, नागपूरला एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि सकाळपर्यंत आपापल्या गावी परत. चार शहरं एकमेकांना थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात. नागपूर मध्ये धरलं की चारच! अमेरिकेत फेडेक्सने मेम्फिसला हीच युक्ती वापरली, ती १९७३ मध्ये. आपल्याकडे विमानं जुनी होती, डोकं नवीन होतं.

आता माझी कबुली. मागच्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्ट तयार विकत आणलं. परीक्षेच्या दिवशी ते बंद पडलं. चौघंही नुसते बघत उभे. एक वायर सुटली होती, पण कुठली ते कुणालाच कळेना. वस्तू कोरी करकरीत होती, पण ती आमची नव्हती.

कुणी म्हणेल, मग नवीन लॅब नकोच का? हवीच, आणि मागणीही करू. पण तोपर्यंत हात बांधून बसायचं का? माझी सरांना आणि मॅडमना विनंती आहे. वर्कशॉपमधलं एकेक बंद मशीन एकेका ग्रुपला द्या, ते चालू करणं हेच प्रोजेक्ट धरा आणि त्याला मार्क द्या. आणि मित्रांनो, "इथे काय आहे?" असं विचारण्याआधी जे आहे ते एकदा खोलून तरी बघू या. पहिला पाना मी धरतो.